फडके सुकेच होते

११ ऑक्टोबर २००८, शनिवार

दादाचा लॅपटॉप बिघडला. तक्रारी तीन.

१) वायरलेस पकडत नाही. हॉलमधल्या इंटरनेटच्या डब्याचे हिरवे दिवे लागतात, माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर वायरीने इंटरनेट येते. लॅपटॉपला मात्र काही दिसत नाही.
२) आवाज नाही. खरखरसुद्धा नाही.
३) वीस मिनिटांत गोठतो. बाण जागचा हलत नाही. बटण दाबून धरून बंद करावा लागतो.

परवा दसऱ्यापर्यंत नीट होता. काल वहिनीने तो फडक्याने पुसला. दादाला तेवढे पुरले.

स्वयंपाकघरात मारले. आधी थोबाडीत, मग केस धरून. तिसऱ्या वेळी तिचे डोके फ्रिजच्या कोपऱ्यावर आपटले, डाव्या कानाच्या वर. भांडे पडल्यासारखा आवाज आला. मी हॉलमध्ये. हातात फुलीचा स्क्रूड्रायव्हर होता, तो मी डबीत नीट ठेवला. मग परत काढला.

"फडक्याला पानी नव्हतं हो! सुकंच होतं!"

"पानी, पानी! आधी बोलायला शीक. अर्नाळ्याला बोंबील वाळवता तसा वाळत घालू का आता हा दांडीवर?"

मग बाहेर येऊन मला, "मंग्या, तू दुकानात हेच करतोस ना? उघडून सांग. आत पाणी सापडलं तर हिला माहेरी अर्नाळ्याला टाकून येतो. कायमची."

म्हणजे आता माझ्यावर आहे. आत पाणी आहे की नाही.

यापुढे दा. आणि व. एवढेच लिहायचे. वही गादीखाली असते, पण तरी. मारासाठी फुली. आज व. ××××. मोजायला उशिरा लागलो, एखादी कमी असेल.

१२ ऑक्टो., रवि.

दा.ला सुट्टी नाही, रविवारीच गिऱ्हाईक येते. तो नव्या विंगचे फ्लॅट दाखवतो, लॅपटॉपवर नकाशे आणि रंगीत चित्रे. आज कागदावर दाखवावे लागले. दुपारी आला तो तापलेलाच.

मी टेबलाशी बसलेलो. आवाजाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून परत घातला. नाही. वायरलेसचा घातला. नाही. घड्याळ लावून पाहिले, एकोणीस मिनिटांनी गोठला. तळहाताला खालून गरम लागते, इस्त्रीसारखे.

दा. मागे उभा. "झालं?"

"बघतोय."

"सकाळपासून बघतोयस."

त्याने लॅपटॉपवर वरून तळहात मारला. मी म्हटले, "दादा, आत डिस्क फिरते, मारू नकोस." माझे चुकले. चार्जरचा ठोकळा वायरीसकट फिरवून मारला. खांद्याच्या हाडावर बसला. मी × १. हात वर होतो, पण खांद्याच्या वर गेला की कळ येते.

व. हळद-तेल गरम करून घेऊन आली. "लावा भावजी." मी म्हटले नको. तिने वाटी टेबलावर ठेवली. बोलताना उजवा कान माझ्याकडे करते. डाव्याने कमी ऐकू येते का, असे विचारायचे होते.

१३ ऑक्टो., सोम.

लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात नेला. दा.ला सांगितले, इथे हत्यारे नाहीत.

दुकान बस्त्याव अंकलचे. नंदाखालला केळीची वाडी आहे, सकाळी पाणी सोडून मग दुकानात येतात. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे त्यांची रीत वेगळी. आधी डोळा, मग नाक, मग बोट. स्क्रूड्रायव्हर सगळ्यांत शेवटी. मी उलटे करतो म्हणून रोज बोलणी खातो.

त्यांनी लॅपटॉपला नाक लावले. "पाणी नाही गेलं. गेलं असतं तर कुजकट वास आला असता. कोण म्हणतं पाणी?"

"घरी म्हणतात."

उघडला. आत डाग नाही, गंज नाही, हिरवे काही नाही. कोरडा ठक्क. मी दोनदा पाहिले, भिंगातून तिसऱ्यांदा. पाणी नाही. व. खरे बोलत होती. इतके हलके वाटले की मी हसलो.

मग अंकलने समोरच्या कडेला बॅटरीचा उजेड धरला, इयरफोनचे भोक असते तिथे. "आत काय अडकलंय रे?"

सुईने काढले. तांदळाचा अर्धा दाणा. लाल.

दाणा आत अडकला की मशीनला वाटते इयरफोन लावला आहे, म्हणून बाहेर आवाज सोडत नाही. दोन नंबरची तक्रार संपली. पंख्याच्या जाळीतून आणखी तीन दाणे आणि झेंडूची एक पाकळी, पात्यांत गच्च. पंखा फिरत नाही म्हणून तापतो, तापला की गोठतो. तीन नंबर. त्याच कडेला वायरलेसची सरकती कळ आहे, नखाएवढी. ती बंदवर सरकलेली. तिच्या खाचेत हळद. एक नंबर.

अंकल पोट धरून हसले. "अरे, लग्न लावलंत काय लॅपटॉपचं? आमच्या चर्चचा फादर गाडीवर पवित्र पाणी शिंपडतो तेव्हा आम्ही निदान काच तरी वर करतो!"

मला हसू आले नाही.

दसऱ्याला पूजा मी केली. दा. म्हणाला होता, "मशीनची पूजा तू कर, तुला त्यातलं कळतं," आणि तो साइटवर गेला. मी लॅपटॉप पाटावर उभा केला, तसबिरीसारखा भिंतीला टेकवून, कारण आडवा चांगला दिसत नव्हता. ती कड वर आली. त्या कडेवर अंगठ्याने हळदीची पाच बोटे ओढली, एकसारख्या अंतरावर. वर कुंकू, कुंकवाच्या अक्षता तीन वेळा, झेंडू. पाचही बोटे अगदी सारखी आली म्हणून मला बरे वाटले होते.

व. पुऱ्या लाटत होती. ती म्हणाली होती, "आडवा ठेवा ना भावजी, पडेल." मी म्हटले, "तुला नाही कळायचं."

१४ ऑक्टो., मंगळ.

लॅपटॉप नीट झाला आहे. दुकानातच ठेवला. घरी सांगितले, तपासणी चालू आहे.

खोटे. नेला की दा. विचारणार, काय झाले होते. काय सांगायचे ते कागदावर लिहून पाहिले.
अ) पाणी नव्हते. (मग काय होते?)
आ) तांदूळ होते. (कोणी टाकले?)
इ) कंपनीचा दोष. (दा. कंपनीत फोन करील, मग ते सांगतील.)
ई) मी

चौथे पुरे केले नाही. कागद फाडला.

संध्याकाळी दा. आला, लॅपटॉप नाही म्हटल्यावर मला काही बोलला नाही. व. ताट वाढत होती. तिचा हात मनगटाजवळ धरला आणि पिळला, कपडा पिळतात तसा. बांगड्या फुटल्या. काच आमटीत पडली. "तुझ्यामुळे मी गिऱ्हाइकासमोर वहीवर चित्रं काढतोय."

तिने आमटी ओतून टाकली, पातेले घासले.

खोटे बोलून मिळवलेला एक दिवस गेला तो असा. व. ×, पण पिळण्याला फुली एकच कशी लावायची.

१५ ऑक्टो., बुध.

आणला. टेबलावर ठेवून चालू केला. दा. शेजारी खुर्ची ओढून बसला, लहान असताना बसायचा तसा चिकटून.

वायरलेस पकडले. गाणे लावले, पूर्ण आवाजात. घड्याळ लावले. वीस मिनिटे झाली, तीस झाली, बाण हलतोय. दा.ने माझ्या पाठीत थाप मारली, त्याच खांद्यावर. "शाब्बास रे मंग्या! बारावी नापास, पण हातात जादू आहे!" आणि आत ओरडून, "ऐकतेस का गं? चालू झाला!"

व. ओट्याशी, आमच्याकडे पाठ. वळली नाही. गाणे एवढे मोठे, तरी.

"पाणीच ना?" दा.ने विचारले.

"नाही. पाणी नव्हतं. एक थेंबही नव्हता. फडकं सुकंच होतं." एवढे मी बरोबर बोललो. पाठ केले होते.

"मग?"

मी म्हटले, "धूळ."

का म्हटले माहीत नाही. दुकानात रोज पन्नास वेळा म्हणतो म्हणून असेल.

दा. ताडकन उठला. "धूळ! म्हणजे दिवसभर घरात बसून ही पुसतसुद्धा नाही!"

पट्टा काढला. व. ××××××. बक्कल दोनदा लागले, एकदा पाठीला, एकदा कोपराला. गाणे चालूच. मी म्हणालो, "दादा, नको ना." आवाज गाण्याखाली गेला. बंद करायला हात पुढे केला, तर बटण सापडेना. रोज हाताखालून जाणारे बटण.

शनिवारी पुसले म्हणून. आज पुसले नाही म्हणून.

१६ ऑक्टो., गुरु.

दा. सकाळी लॅपटॉप घेऊन गेला, शीळ घालत.

व.ने चहा दिला. उभी राहिली.

"भावजी, धूळ कुठं होती?"

"पंख्यात."

"आणि तांदूळ?"

मी कप खाली ठेवला.

"दसऱ्याचं कुंकू बटनांच्या फटीत गेलं होतं. वरचे दाने मी वेचले, आतले राहिले असतील. ह्यांनी बघितलं असतं तर तुमच्या अंगावर आले असते. म्हनून पुसत होते. सुक्या फडक्यानं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाहेरच होता ना हॉलमधे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

मला या घरात आठ वर्षे झाली. आई गेल्यावर दा.ने आणले. लग्न होऊन ती आली त्याला तीन. तिने मला एकदाही उपाशी झोपू दिलेले नाही. हे लिहून काय होणार. कान दाखवायला डॉक्टरकडे चल म्हटले. म्हणाली, "काय सांगू त्यांना, फ्रिज लागला?"

१७ ऑक्टो., शुक्र.

दुकानात दोन वेळा सर्किट बोर्ड उलटा लावला. अंकलने हातातून काढून घेतला. "लक्ष कुठे आहे तुझं?"

सांगितले. सगळे नाही, पण बरेच.

त्यांनी सोल्डर गनचे टोक पुसले. "सांगून टाक भावाला."

"मारेल."

"मारेल. मग?"

"मग काय?"

"मग काही नाही, बाबा. तुला मार पडेल. तिला पडतोच आहे."

रविवारी सांगायचे ठरवले. दा. दुपारी घरी असतो, जेवल्यावर जरा बरा असतो. वाक्य तयार केले: दादा, दसऱ्याची पूजा मी केली, तांदूळ माझ्या हातून गेले, वहिनीचा काही संबंध नाही. तीन भाग. कुठे अडखळण्यासारखे नाही.

१८ ऑक्टो.

काही नाही. वाक्य म्हणून पाहिले. व.च्या कोपराची सूज तशीच.

१९ ऑक्टो., रवि.

लिहितोय. अक्षर नीट येत नाही.

जेवण झाले. दा. सोफ्यावर, लॅपटॉप टीपॉयवर, गाणी चालू. मी उभा राहिलो आणि वाक्य म्हटले. तिन्ही भाग.

दा. आधी हसला. खरोखर हसला. "लॅपटॉपला अक्षता? तू? अरे येड्या!" मला वाटले, संपले. एवढेच होते. आठ दिवस मी कशाला घाबरत होतो.

मग त्याचे हसू थांबले. "आणि हिला माहीत होतं?"

माझी नजर दाराकडे गेली.

"हिला माहीत होतं आणि मला सांगितलं नाही? माझ्या घरात बसून दोघं मिळून माझ्यापासून लपवता?"

व. दारात उभी होती, हातात ताटे. त्याने ती ताटे तिच्या हातातूनच उडवली. एक तिच्या हनुवटीला लागले. मग गळ्याला हात घातला आणि भिंतीवर. "बोल! काय काय लपवतेस त्याचं?" तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. मी पाहिले, बोटे टेकत होती, टाचा नाहीत.

पाणी असते तरी मारले असते. नव्हते म्हणून मारले. धूळ म्हणून मारले. खरे सांगितले म्हणून मारतो आहे. मी आठवडाभर चुकीचे मशीन उघडून बसलो होतो.

लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला. वायर ओढली गेली. कड धरून त्याच्या डोक्यात मारला. पहिला बसला तेव्हाच त्याचा हात सुटला. ती खाली बसली, खोकायला लागली. तो वळला, माझ्याकडे पाहिले, चेहरा लहान पोरासारखा. तेव्हा थांबायला हवे होते.

दुसरा भुवईवर. फुटली. तिसरा हातावर, कारण त्याने हात वर केला. तो सोफा आणि टीपॉयच्या मधे पडला तरी मी मारत होतो. गाणे चालू होते. मला आठवते की कडवे संपले आणि नुसते वाद्य वाजत होते.

"भावजी! मरतील ते! भावजी, पुरे!" तिने मागून माझा शर्ट धरला. मी तिला कोपराने ढकलले. जोरात. ती फ्रिजच्या दिशेने गेली, आपटली नाही, दाराला धरून उभी राहिली. आणि माझ्याकडे पाहिले. ती नजर मला ठाऊक आहे. ती दा.साठी असते.

मी लॅपटॉप खाली ठेवला.

माझे ×××××××. सात. एक पुरला होता. बाकीचे सहा कशासाठी ते

व.ला माझा एक. तोही लिहायचा. ×

२० ऑक्टो., सोम.

दा.ला भुवईवर पाच टाके. डॉक्टरांना म्हणाला, बाथरूममध्ये पडलो. डॉक्टरांनी वर पाहिलेसुद्धा नाही, लिहून घेतले. मी शेजारी बसलो होतो, त्याचा रक्ताचा शर्ट हातात धरून.

आम्ही परत आलो तेव्हा व. निघून गेलेली. सोबत कपड्यांची एक पिशवी, औषधाची डबी. फरशी पुसलेली. ताटे घासून पालथी घातलेली. अर्नाळ्याला आईकडे गेली असणार, दुसरे कुठे जाणार.

लॅपटॉप तपासला. झाकणाला तडा, एक बिजागरी मोकळी, कडेला लागलेले मी स्पिरिटने पुसले. वायरलेस येते. आवाज येतो. दीड तास चालू ठेवला, गोठला नाही.

२१ ऑक्टो., मंगळ.

दा. घरीच. डोळा मिटलेला. मी चहा केला, तो म्हणाला, "ठेव तिथे." नंतर म्हणाला, "जेवलास का?" असे त्याने कधी विचारले नव्हते.

मी पाणी प्यायला आत जायला निघालो तर तो पॅसेजमध्ये होता. बाजूला झाला. भिंतीला पाठ लावून मला वाट दिली.

मला ते आवडले. इथे खोटे लिहायचे नाही. आवडले, आणि मी परत एकदा गेलो, तहान नसताना.

अंकलना हे सांगितले नाही. त्यांनी विचारले, "सांगितलंस?" मी म्हटले, "हो." "मारलं?" मी म्हटले, "हो." त्यांना वाटले त्याने मला.

२२ ऑक्टो., बुध.

सकाळी दा. म्हणाला, "उद्या तिला आणायला जातो. चुकलं माझं, सांगतो तिला. दिवाळी आली." टाक्यांवरची पट्टी बदलून घेत होता, माझ्याकडूनच. खरे म्हणत असेल. तो आठ महिन्यांपूर्वीही म्हणाला होता, त्या वेळी खरेच म्हणत होता.

दुपारी दुकानात फोन आला. व.चा. मागे होड्यांचा भटभट आवाज, कोणीतरी भाव करत होते. मी विचारले, कान कसा आहे. म्हणाली, "डॉक्टर म्हनतात पडद्याला भोक आहे. भरेल म्हनतात. हळू बोलू नका, उजव्यानं ऐकतेय."

मी म्हटले, "दादा उद्या येणार आहे. तुला न्यायला."

"ठाऊक आहे. फोन केला होता. रडले."

मी विचारले, तू काय ठरवलेस.

"आई म्हनते जाऊ नको. भाऊ म्हनतो त्याला येऊ दे, आम्ही बघतो त्याला. म्हंजे इथंही तेच." मला वाटले फोन कटला. "भावजी, त्यांचं मला ठाऊक आहे. कधी हात उठनार, कशानं उठनार, सगळं पाठ आहे. म्हनून तुम्हाला विचारते. मी आले तर त्या घरात एकाला घाबरायचं की दोघांना?"

अंकल समोर बसले होते. रेडिओ उघडून, नाक लावून.

मी म्हटले, "उद्या सांगतो."

"उद्या ते येतील."

"त्याच्या आधी सांगतो. मीच येतो."

"या," ती म्हणाली. "पन खरं सांगा."

अर्नाळ्याची पहिली एसटी साडेपाचला आहे. दा. नऊनंतर निघेल. वाक्य तयार करायला बसलो. 'वहिनी, दोघांना नाही' एवढे लिहिले. खोडले. 'वहिनी, मला माहीत नाही' लिहिले. ते खरे आहे, पण ते ऐकून ती कशी येईल, आणि ते ऐकून ती तिथे तरी कशी राहील. पण ते खोडले नाही.